सेलेस्टियल मूव्हीजनं सिनेमा वाचवला म्हणे!

रिळवाला:
काल इथं 'सातासमुद्रापार' यांनी लिहिलं की हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या स्टुडिओच्या जुन्या सिनेमांचा अख्खा खजिना सेलेस्टियल मूव्हीजनं वाचवला, सरकारी संग्रहालयांना जमलं नाही ते पैसे मोजून बघायच्या एका चिनी चॅनलनं करून दाखवलं, आणि मराठी माणसानं यातून काहीतरी शिकावं. खाली '+१' ची रांग. तिथंच उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

वाचवला कुणापासून? सिनेमे हरवले नव्हते, मालकच त्यांच्यावर बसून होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात स्टुडिओचे मालक रन रन शॉ यांनी सिनेमे काढणं जवळपास बंद केलं आणि सगळा जीव टीव्हीबी या आपल्या टीव्ही कंपनीत ओतला. जुन्या निगेटिव्ह कुलपात. अधिकृत व्हिडिओ जवळपास नाहीच. मग २००० साली मलेशियाच्या आनंद कृष्णन यांच्या पैशावर उभी राहिलेली सेलेस्टियल पिक्चर्स येते, ७६० सिनेमे विकत घेते, २००२ च्या अखेरीस डीव्हीडी काढते आणि २००३ मध्ये सेलेस्टियल मूव्हीज हे चॅनल सुरू करते. हा धंदा आहे. हुशारीनं केलेला धंदा. त्याला पुण्यकर्म का म्हणायचं?

आणि त्या डीव्हीडी ऐकल्यात का कुणी? मूळ मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकच्या आवाजावर नवे ५.१ चे, म्हणजे चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजाचे इफेक्ट चढवलेत. तलवारीवर तलवार आपटली की भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज येतो. याला जतन म्हणतात?

सातासमुद्रापार:
माझं नाव घेतलंत म्हणून लिहितो. आधी काय मिळायचं ते सोयीस्कर विसरलात. स्कोपमध्ये, म्हणजे रुंद पडद्यासाठी काढलेला सिनेमा टीव्हीच्या चौकोनात बसवायला दोन्ही कडांनी छाटलेला. मारामारी दोघांची, दिसतो एक, आणि तो लाथ कुणाला घालतोय ते आपण समजून घ्यायचं. सबटायटल प्रिंटवरच छापलेली, त्यामुळे वाक्याचं डोकंही कापलेलं आणि शेपूटही. कॉपीवरून कॉपी, तिच्यावरून कॉपी. निगेटिव्हवरून साफ केलेलं पूर्ण रुंदीचं चित्र घराघरात आलं ते यांच्यामुळेच.

धंदा केला म्हणता. बरं. मग ८ जानेवारी २००३ ला आपल्याकडे काय झालं? पुण्यात लॉ कॉलेज रोडवर, प्रभातच्या जुन्या आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेटच्या, म्हणजे चटकन पेटणाऱ्या जुन्या रिळांना आग लागली. त्याच वर्षी तिकडे चॅनल सुरू झालं. निःस्वार्थ सेवेचा निकाल बघा आणि धंद्याचा बघा.

रिळवाला:
त्या आगीचा असा वापर करू नका. त्या संग्रहालयातल्या माणसांनी कुठून कुठून, कुणाच्या माळ्यावरून डबे गोळा केले होते. त्यांच्या पाठीशी अब्जाधीश नव्हता.

लष्करभागी:
ब्रूस ली याच चॅनलवर लागायचा ना? भारी.

क्लांगकाका:
नाही हो. ब्रूस ली गोल्डन हार्वेस्टचा, म्हणजे शॉंच्या स्पर्धक कंपनीचा. रेमंड चाऊ १९७० मध्ये शॉ सोडून बाहेर पडले आणि ती कंपनी काढली. त्या कंपनीचे बरेच सिनेमे पुढे स्टार टीव्हीच्या संग्रहात गेले. हाँगकाँगचा विषय निघाला की दहाव्या मिनिटाला ब्रूस ली येतोच.

आता मुद्दा. मी मलेशियात राहतो, हे चॅनल इथं सुरुवातीपासून बघतोय. तुम्ही दोघंही ते शॉचं मंदिर असल्यासारखं भांडताय. लोक पैसे मोजायचे ते हाँगकाँगच्या नव्या सिनेमांसाठी. जुन्यांसाठी नंतर वेगळं चॅनल काढावं लागलं, ते कशामुळे?

आमच्या शेजारची आजी घरात कँटोनीज, म्हणजे हाँगकाँगची चिनी बोलते. जुने शॉ सिनेमे बहुतेक मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत. कँटोनीज बोलणाऱ्या शहरात बसून मँडरिन सिनेमे काढायचे, कारण गिऱ्हाईक तैवान, सिंगापूर, मलाया असं पसरलेलं. १९७३ मध्ये शॉंच्याच 'द हाउस ऑफ ७२ टेनंट्स'नं गल्ला भरला तेव्हा कुठं कँटोनीज सिनेमाला परत धुगधुगी आली. आजी अजून नातवाला विचारते, "काय म्हणाला तो?" सिंगापुरात तर १९७९ नंतर मँडरिनची मोहीमच निघाली आणि कँटोनीज मालिकाही मँडरिनमध्ये डब होऊन दिसायला लागल्या.

बोरूबहाद्दर:
डबिंगचा विषय निघालाच आहे तर बोलतोच! आपल्याकडे मराठी चॅनलांवर दक्षिणेचे सिनेमे डब करून लावतात. मदुराईचा गुंड कोयता उगारतो आणि म्हणतो, "मी तुला सोडणार नाही, हे ध्यानात असू दे." अरे, हा गुंड आहे की शाळा तपासायला आलेला साहेब? सबटायटल द्या, गप्प बसा.

जालन्याची सून:
सबटायटल कुणासाठी? माझ्या सासूबाई चौथी शिकल्यात. एक ओळ वाचून होईतो पडद्यावर दुसरा माणूस मेलेला असतो. डबिंगमुळे त्या पहिल्यांदा पूर्ण पिक्चर बघतात आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला गोष्ट सांगतात.

बोरूबहाद्दर:
सासूबाईंचं कौतुक आहे, पण एका घरासाठी सगळ्यांच्या कानांना शिक्षा का?

जालन्याची सून:
एक घर? गल्लीत येऊन बघा. आणि सासूबाईंवर घसरायचं काम नाही.

बोरूबहाद्दर:
मी कुठं घसरलो? वाचता येतं ना? की तुम्हालाही डब करून पाहिजे?

क्लांगकाका:
बोरूबहाद्दर, हे अती झालं. शब्द मागे घ्या.

लष्करभागी:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

सातासमुद्रापार:
भांडा खुशाल, पण 'मूळ आवाज' ही काय चीज आहे ते एकदा बघा. शॉंच्या स्टुडिओत शूटिंगच्या वेळी आवाज घ्यायचेच नाहीत. सगळं नंतर डबिंगच्या खोलीत. पडद्यावर एक नट, आवाज भलत्याचाच, कारण नटाची मँडरिन धड नसायची. मग बोरूबहाद्दर, तुमच्या हिशेबानं मुळातला सिनेमाच रद्दबातल. आणि रिळवाले, ज्या मोनो आवाजासाठी तुम्ही रडताय तोही डबच.

रिळवाला:
डब असेना, त्या काळचा होता ना! ज्यानं तो सिनेमा केला त्यानं तो ऐकून पास केला होता. तुम्ही त्यावर नवा खणखणाट चढवता आणि जुना ट्रॅक ठेवत नाही, हे माझं दुखणं आहे. चित्र चांगलं केलं, हे घ्या, देतो लिहून. फ्रेम करून लावा.

सातासमुद्रापार:
लावतो. बदल्यात तुम्हालाही देतो: आवाजाची माती केली. फक्त 'माती केली' आणि 'वाचवलं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुठेकाठचा:
मला कुणी हे सांगा, जुने मराठी सिनेमे धड प्रिंटमध्ये बघायला मी महिन्याला पैसे द्यायला तयार आहे, तर देऊ कुणाला? आमच्या डिशवाल्यानं पॅकमध्ये मला न मागता कार्टूनची चॅनलं दिलीत. फोन केला तर म्हणतो, ती काढली तर बिल वाढेल.

क्लांगकाका:
इथंही तेच रडगाणं. सिनेमांसाठी वेगळा पॅक, खेळांसाठी वेगळा. आजीच्या मुलानं एकदा सिनेमांचा पॅक बंद केला तर आजीनं त्याच्या हातचं जेवण बंद केलं. परत चालू.

बोरूबहाद्दर:
बरं, वाचण्यावरून बोललो ते मागे. डबिंगचं नाही. निदान डबिंग करणाऱ्यांनी गुंडाला गुंडाची मराठी द्यावी, एवढं तरी मान्य करा.

जालन्याची सून:
ते मी कधी अमान्य केलं होतं? आमच्याकडची द्या, बघा गुंड कसा शोभतो. आणि सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. म्हणाल्या, मारामारी असली तर चिनी पण चालेल, आवाज तेवढा मोठा ठेव.

रिळवाला:
मिळालं ५.१ वाल्यांना गिऱ्हाईक.