मे महिन्यात वृश्चिक आणि धनु : ८ इंची डॉबमधून काय पाहावं?

पठारावरचा_तारा (प्रश्न)

८ इंची डॉब (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) आहे, फोकल लेंग्थ १२०० मिमी. २५ आणि १० मिमीचे प्लोसल आयपीस (म्हणजे ४८ आणि १२० पट) आणि ८×५० फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण), एवढंच सामान. फिल्टर नाही. वैशाख अमावास्येच्या आसपास साताऱ्याजवळच्या एका पठारावर अख्खी रात्र मिळणार आहे, दक्षिण क्षितिज मोकळं आहे. वृश्चिक आणि धनु एवढ्याच दोन राशी करायच्या आहेत. अ‍ॅपमधून प्रतीनुसार (तेजस्वितेचा आकडा, लहान तितकं तेजस्वी) यादी काढली तर ९व्या प्रतीपर्यंतच इतकी नावं येतात की कुठून सुरुवात करावी कळत नाही. प्रतीवरून निवड केली तर चालेल का? आणि क्रम कसा लावावा?

ज्येष्ठा_१६२९

प्रतीवरून निवडू नका. तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका यांची दिलेली प्रत म्हणजे सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला तर किती होईल, तो आकडा. प्रत्यक्षात तो प्रकाश किती जागेवर पसरलाय यावर दिसणं-न दिसणं ठरतं. धनूतच याचं उत्तम उदाहरण आहे. एनजीसी (गुच्छ, तेजोमेघ, दीर्घिकांची एक यादी) ६८२२ ही खगोलशास्त्रज्ञ बर्नार्डने १८८४ मध्ये शोधलेली दीर्घिका आणि एनजीसी ६८१८ ही बिंबाभ्रिका (मरत्या ताऱ्याभोवतीचं वायूचं कवच), दोघी पाऊण अंशाच्या अंतरात. प्रत दोघींची साधारण ९. पण ६८१८ चा प्रकाश २० आर्कसेकंदांत कोंबलेला आहे, तर ६८२२ चा १५ आर्कमिनिटांवर (अंशाचे ६० आर्कमिनिट, आर्कमिनिटाचे ६० आर्कसेकंद). क्षेत्रफळात हजारपटीहून जास्त फरक. त्यामुळे ६८१८ ही १२० पटीवर छोटी हिरवट-निळसर चकती म्हणून लगेच ओळखू येते, आणि ६८२२ शोधत माणूस अर्धा तास घालवतो. पहिल्या रात्री ६८२२ यादीत नकोच.

क्रम पश्चिमेकडून पूर्वेकडे लावा. मेच्या मध्यावर साताऱ्याहून ज्येष्ठा (वृश्चिकातला तांबडा ठळक तारा) मध्यमंडलावर (उत्तर-दक्षिण रेषेवर, सर्वांत उंच) येते साधारण १.३५ ला, विंचवाचं शेपूट २ ते ३ च्या दरम्यान आणि एम ८ (मेसिएच्या यादीतला ८वा, धनूतला तेजोमेघ) साधारण ३.१० ला. पावणेपाचच्या आसपास पूर्वेला फटफटायला लागतं. म्हणजे कामाची वेळ साडेबारा ते साडेचार.

सुरुवात एम ४ या बंदिस्त गुच्छाने (ताऱ्यांचा दाट, गोल पुंजका). ज्येष्ठेच्या पश्चिमेला सव्वा अंशावर आहे. ज्येष्ठा दृश्यक्षेत्राबाहेर ढकला, नाहीतर तिच्या झगमगाटात गुच्छ मळकट दिसतो. ४८ पटीवर नुसता धुरकट गोळा, १२० पटीवर पार्श्वभूमी काळी पडते आणि तारे सुटे होतात. मधोमध उत्तर-दक्षिण अशी ताऱ्यांची एक दांडी दिसेल, ती खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १७८३ मध्ये नोंदवली होती. लगेच एम ८० कडे जा, ज्येष्ठा आणि बीटा वृश्चिक यांच्या बरोबर मध्यावर. हा इतका घट्ट की ८ इंचात कडेचे तारे जेमतेम सुटतात. दोन्ही बंदिस्त गुच्छ, पण एकामागोमाग एक पाहिले की घनतेतला फरक डोळ्यांत भरतो. मग शेपटाकडे वळा : झीटा ताऱ्याजवळचा खुला (सैल) गुच्छ एनजीसी ६२३१, आणि मूळ या नांगीच्या ताऱ्याच्या सरळ पश्चिमेला ४ अंशांवर तेजोमेघ एनजीसी ६३०२. हा दुसरा ४८ पटीवर फुगलेल्या ताऱ्यासारखा वाटतो, म्हणून लोक त्याच्यावरून पुढे निघून जातात. १२० पटीवर तो पूर्व-पश्चिम लांबट फराटा असतो.

वृश्चिकात चार, धनूत सहा-सात. यापेक्षा जास्त धरू नका. एकेकाला १५ मिनिटं दिली तर शेवटच्या पाच मिनिटांत दिसतं ते पहिल्या पाचांत दिसत नाही.

किटलीची_तोटी

धनूसाठी एक युक्ती, डॉबला ती फार सोयीची पडते. धनूचे ठळक तारे किटलीसारखे दिसतात. तिच्या तोटीचा तारा (गॅमा धनु) आणि एम ८ जवळजवळ एकाच विषुवांशावर (आकाशातला पूर्व-पश्चिम निर्देशांक) आहेत. त्यामुळे ते मध्यमंडलावर असताना, म्हणजे तीन-सव्वातीनला, वर म्हणजेच उत्तर. असं करा :

१. २५ मिमीच्या आयपीसमध्ये गॅमा मधोमध आणा.
२. बैठक फिरवू नका, नळी फक्त वर उचला. अडीच अंशांवर, थोडा पश्चिमेला, एनजीसी ६५२० हा छोटा खुला गुच्छ येतो. त्याच्या पश्चिमेला चिकटून बर्नार्ड ८६ : ताऱ्यांनी भरलेल्या आकाशात ५ आर्कमिनिटांचं काळं भोक, कडेला एक नारिंगी तारा. धूळ पाठीमागचे तारे झाकते म्हणून ते काळं. आकाश खरोखर अंधारं असेल तरच उठून दिसतं, त्यामुळे तुमच्या पठाराची परीक्षाही होऊन जाईल.
३. गॅमापासून एकूण ६ अंश वर गेलात की एम ८. एका बाजूला एनजीसी ६५३० चे तारे, मधून काळी पट्टी.
४. आणखी सुमारे दीड अंश वर एम २० हा तेजोमेघ. त्याच्या तीन फाकांसाठी तिरकी नजर लागते : थेट न बघता दृश्यक्षेत्राच्या कडेकडे पाहा.

नळी उचलायला वेळ लागला तर आकाश पश्चिमेकडे सरकलेलं असतं, तेवढी बैठक सरकवावी लागते. फाइंडर सरळ नळीचा असेल तर चित्र उलटं दिसतं, अ‍ॅपमधला नकाशाही उलटा करून घ्या.

त्यानंतर झाकणाचा तारा लॅम्डा. त्याच्या ईशान्येला सुमारे अडीच अंशांवर एम २२, वायव्येला एका अंशाच्या आत एम २८. दोन्ही बघाच. एम २२ बंदिस्त गुच्छांमधला सर्वांत देखण्यांपैकी आहे, १२० पटीवर मधोमध तारे सुटतात. युरोपातल्या निरीक्षकांना तो क्षितिजाजवळ मिळतो, आपल्याला ४८ अंशांवर. शेवट एम १७ या तेजोमेघाने करा, तो ५६ अंशांवर असतो.

दुधाळ_पट्टा

फिल्टरबद्दल. घ्यायचा तर यूएचसी, सव्वा इंची. तो हायड्रोजन-बीटा आणि ऑक्सिजनच्या रेषा तेवढ्या जाऊ देतो, म्हणून एम ८, एम १७ आणि ६३०२ ला उपयोग होतो. एम १७ चा हंसासारखा आकार तर फिल्टर लावल्यावर पाण्यातून वर आल्यासारखा दिसतो. गुच्छ आणि दीर्घिकांना मात्र उलट तोटा, कारण ताऱ्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत विखुरलेला असतो. एम २० चा उत्तरेकडचा निळा भाग परावर्तित प्रकाशाचा आहे, तो फिल्टरने दबतो. फिल्टर २५ मिमीला लावा. १० मिमीला लावला की चित्र फार अंधारं होतं.

फिल्टर मिळाला नाही म्हणून बेत पुढे ढकलू नका. अंधार हाच पहिला फिल्टर. पांढरा टॉर्च एकदा पेटला की अर्ध्या तासाची डोळ्यांची तयारी वाया जाते.

पठारावरचा_तारा

फार उपयोगी. दोन शंका. एम ७ कुणीच सुचवला नाही, तो ३.३ प्रतीचा आहे ना? आणि मेमध्ये ढग आले तर हेच ऑक्टोबरात जमेल का?

ज्येष्ठा_१६२९

एम ७ सव्वा अंशाहून मोठा आहे. तुमच्या २५ मिमीमध्ये जेमतेम एक अंश मावतो, म्हणून आत गेल्यावर गुच्छ हरवतो आणि विखुरलेले तारे राहतात. तो फाइंडरमधूनच पाहा, सुंदर दिसतो. ३२ मिमीचा प्लोसल मिळाला तर १.३ अंश मिळेल.

ऑक्टोबरच्या मध्याला अंधार पडेपर्यंत एम ४ सोळा-सतरा अंशांवर उतरलेला असतो, वृश्चिक सोडून द्या. धनूचा एम ८ मात्र साडेसातच्या आधी ३५ अंशांवर असतो, तासभर चांगला मिळतो. तेव्हा दवाचा त्रास होतो, फाइंडरची काच आधी धुरकटते.

किटलीची_तोटी

मेमध्ये पठारावर पश्चिमेचा वारा जोरात असतो आणि नळी थरथरते. गाडी पश्चिमेला आडवी लावा, डॉब तिच्या आडोशाला पण बॉनेटपासून लांब ठेवा, बॉनेटच्या उष्णतेने हवा हलते. आरसा दिवसभर तापलेला असतो, म्हणून दुर्बीण सूर्यास्तालाच बाहेर काढा आणि बाराच्या सुमारास कोलिमेशन (आरशांची जुळणी) पुन्हा तपासा. बार्लो (पट दुप्पट करणारं भिंग) कुणी दिला तरी ६२३१ वर लावू नका. तो ३० अंशांवरच असतो, तिथली हवा २४० पट सोसत नाही.