सॉकेट ग्राफ्ट (दात काढलेल्या खळग्यात हाडाची भर): जैन पेशंटसाठी काय वापरावं?

प्रश्न (इंदूर): खालची पहिली दाढ काढायची आहे. गालाकडची हाडाची भिंत साधारण 3 मिमी खचलीय. इम्प्लांट पाच महिन्यांनी. पेशंट जैन आहेत, गाईच्या हाडाचा ग्राफ्ट नको म्हणतात. नुसता बीटा-टीसीपी (कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटचे दाणे) चालेल का?

उत्तर 1: नुसता नको, डॉक्टर. टीसीपी लवकर विरघळतो, आणि भिंत नसेल तिथे आकार खचतो. हायड्रॉक्सीअपेटाइट (हाडातल्या खनिजासारखं, कृत्रिम बनवलेलं) 60 टक्के, टीसीपी 40 टक्के असं मिश्रण घ्या. पहिला वर्षानुवर्षं टिकतो, दुसरा जागा सोडत जातो. कण 0.5 ते 1 मिमी. दाढेला 0.5 सीसी बहुधा कमी पडतं, 1 सीसी हाताशी असू द्या.

उत्तर 2: ग्राफ्टचं ठरलं, पण त्यावर झाकायच्या पडद्याचं काय? कोलॅजेन मेम्ब्रेन बहुतेक गाईचं नाहीतर डुकराचं. जिलेटिन स्पंजही प्राणिज, कॅटगटचा टाका तर आतड्याचाच! आपल्या इंदुरात हे आधीच विचारून, संमतिपत्रावर लिहून घ्यावं. डेन्स पीटीएफईचा (टेफ्लॉन, कृत्रिम प्लास्टिक) पडदा लावा. तो थोडा उघडा राहिला तरी चालतो, चौथ्या आठवड्यात चिमट्याने ओढून काढायचा.

उत्तर 3: आणि ठासून भरू नका हो. कणांमधली जागा बुजली की रक्तवाहिन्या शिरत नाहीत; पाच महिन्यांनी ड्रिलखाली हाडाऐवजी सैल दाणे लागतात. आधी क्युरेटने (खरवडायच्या चमच्यासारख्या हत्याराने) सगळं ग्रॅन्युलेशन (सुजेची मऊ ऊती) खरवडून काढा, तळातून ताजं रक्त आलं पाहिजे. त्याच रक्तात कण भिजवा, हाडाच्या कडेच्या पातळीपर्यंतच भरा.

प्रश्नकर्ता: कॅटगटचं डोक्यातच नव्हतं. पीटीएफईचेच टाके मागवतो.