पिल्लाच्या कानात चहाच्या भुकटीसारखा काळा मळ दिसतो; कान कसे स्वच्छ करावेत?

प्रश्न (चिपळूणहून)

नमस्कार. आमच्या घरी लॅब्रॅडॉर जातीचे एक मादी पिल्लू आहे. तिचे नाव चिंगी. ती आता तेरा आठवड्यांची आहे. गेल्या आठ दिवसांपासून ती रात्री झोपेतून उठून मागच्या पायाने कान खाजवते आणि डोके इतक्या जोराने झटकते, की कान गालांवर आपटल्याचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो. काल कानाची पाळी उलटून पाहिली, तेव्हा आत काळपट तपकिरी, कोरडा, अगदी चहाच्या भुकटीसारखा मळ दिसला. मी माणसांच्या कानासाठी वापरतात ती कापसाची काडी फिरवून थोडा मळ काढला. पण चिंगी कळवळली, म्हणून लगेच थांबले. सासऱ्यांचे म्हणणे आहे की लसूण घालून कढवलेले खोबरेल कोमट करून कानात सोडावे. शेजाऱ्यांनी त्यांच्या मुलाच्या कानदुखीचे उरलेले थेंब देऊ केले आहेत. इकडे पाऊस थांबायचे नाव घेत नाही आणि घरात काहीच नीट वाळत नाही, त्यामुळे हा दमट हवेचा परिणाम असावा असे मला वाटते. घरात दोन वर्षांचा एक बोकाही आहे आणि चिंगी त्याच्या कुशीत झोपते. कान नेमके कशाने आणि किती दिवसांनी साफ करावेत, हे कृपया सांगावे.

उत्तर १ (मालवणहून)

ताई, आमच्याकडे तीन पिढ्या कुत्री आहेत आणि कान खाजवू लागले की आम्ही कोमट खोबरेलाचे दोन थेंब सोडतो. दोन दिवसांत खाज कमी होते, हा आमचा अनुभव आहे. लसूण मात्र आम्ही कधी घातलेली नाही. तेल हाताच्या मनगटावर टाकून पाहावे आणि ते गरम लागले तर वापरू नये.

उत्तर २ (पशुवैद्यक, पुणे)

तुम्ही दिलेल्या वर्णनात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत: एक चहाच्या भुकटीसारखा कोरडा मळ आणि दुसरी म्हणजे बोक्याच्या कुशीतली झोप. या दोन्हींवरून पहिला संशय कानातल्या किडींचा, म्हणजे ओटोडेक्टिस सायनोटिस या माइट्सचा येतो. लहान पिल्लांमध्ये ही तक्रार नेहमी आढळते आणि मांजराकडून कुत्र्याला, कुत्र्याकडून मांजराला ती सहज लागते. दमट हवेमुळे वाढणाऱ्या मॅलासेझिया या यीस्टच्या संसर्गात मळ सहसा चिकट, तेलकट असतो आणि त्याला आंबूस वास येतो. जिवाणूंचा संसर्ग असेल, तर पिवळसर पू आणि दुर्गंधी असते. मात्र हे केवळ अंदाजाचे आडाखे आहेत, कारण एकाच कानात दोन कारणे एकत्र असू शकतात. डॉक्टर थोडा मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तेव्हा काही मिनिटांत उलगडा होतो. म्हणूनच तपासणीला जाण्यापूर्वी कान धुऊन लख्ख करू नयेत. मळच निघून गेला तर पाहायला काही उरत नाही.

मालवणच्या वाचकांचा अनुभव खोटा नाही. तेलात काही किडी गुदमरतात आणि खाज तात्पुरती कमी होते. परंतु अंडी तशीच राहतात, त्यांच्यापासून पूर्ण वाढलेली कीड तयार होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात आणि तक्रार पुन्हा उद्भवते. शिवाय तेलाने ओल आणि मळ आतच धरून ठेवला जातो. लसणाचे तेल तर अजिबात घालू नये, कारण सुजलेल्या नाजूक त्वचेची त्याने आग होते. माणसांचे थेंबही नकोत. पडद्याला छिद्र असेल, तर काही औषधे आतल्या कानापर्यंत पोहोचून बहिरेपणा आणू शकतात किंवा शरीराचा तोल बिघडवू शकतात; म्हणून पडदा पाहिल्याशिवाय कोणतेही औषध सोडणे योग्य नाही.

कापसाच्या काडीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ही चूक फार मायेने आणि फार वेळा होते. कुत्र्याच्या कानाची नळी माणसासारखी जवळजवळ सरळ नसते. ती प्रथम खाली उतरते आणि मग इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी आत वळते. पडदा त्या वळणाच्या पलीकडे असतो. काडी वर थोडा मळ टिपते आणि उरलेला मळ वळणाकडे ढकलते. तिथे तो घट्ट बसतो. तुम्ही वेळीच थांबलात, हे चांगले झाले.

किडी असल्याचे निश्चित झाले, तर औषध वय आणि वजन पाहून दिले जाते आणि ते घरातील सर्व कुत्र्यामांजरांना एकाच वेळी द्यावे लागते, त्यांना खाज असो वा नसो. बोक्याला कुत्र्याचे औषध मात्र कधीही लावू नये; कुत्र्यांच्या काही औषधांतले पर्मेथ्रिन मांजरांना विषारी ठरते. डोके एका बाजूला कललेले राहणे, चालताना झोक जाणे, कानाला हात लावताच किंचाळणे किंवा पाळी फुग्यासारखी फुगणे यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सतत डोके झटकल्याने पाळीतल्या रक्तवाहिन्या फुटून तिथे रक्त साचते.

उत्तर ३ (साताऱ्याहून)

डॉक्टरांनी निदानाचे सांगितलेच आहे; मी निरोगी कानाच्या रोजच्या निगेविषयी लिहितो. आमची दोन्ही कुत्री लांब कानांची आहेत. कान आतून फिकट गुलाबी असावा, त्याला विशेष वास नसावा आणि थोडासा पिवळसर मळ असला तर तो तसाच राहू द्यावा. मी आठवड्यातून एकदा पाळी उलटून पाहतो आणि वास घेतो. आपल्या कुत्र्याच्या कानाचा नेहमीचा वास नाकाला माहीत झाला, की बदल लगेच कळतो. स्वच्छ कान उगाच धुतल्यानेही त्वचा हुळहुळी होते.

मळ दिसला, तर डॉक्टरांनी सुचवलेले, कुत्र्यांसाठीच बनवलेले इअर क्लीनर वापरतो. बाटली कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवावी, कारण गार द्रव कानात गेला की पिल्लू दचकते आणि पुढच्या वेळी बाटली पाहूनच पळते. बाटलीचे टोक कानाला न टेकवता नळी भरेल इतका द्रव सोडावा आणि कानाच्या बुंध्याशी, जबड्याच्या मागे, बोटांनी अर्धा मिनिट हलके चोळावे. आतून पचपच असा आवाज आला, म्हणजे द्रव खोलवर पोहोचला. मग हात सोडून पिल्लाला डोके झटकू द्यावे. वळणातला मळ वर आणण्याचे काम ते झटकणेच करते. वर आलेला मळ बोटाला गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने, बोट सहज जाईल तेवढ्याच भागातून टिपावा. स्पिरिट, व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाळावे.

एक गोष्ट आमच्या भागातली. पावसाळा सरला, की माळावरचे कुसळी गवत पिकते. दोन वर्षांपूर्वी फिरून आल्यावर आमचा कुत्रा अचानक एकच कान झटकू लागला. मी मळ समजून क्लीनर घातले आणि त्याचा त्रास आणखी वाढला. डॉक्टरांनी त्याला भूल देऊन कानातून बोटाच्या पेराएवढे कुसळ काढले. त्याचे टोक आतल्या बाजूला वळलेले होते. कुसळाच्या केसांची रचना अशी असते, की ते पुढेच सरकत जाते, मागे येत नाही. तेव्हापासून माळावरून आल्यावर मी दोन्ही कान आणि पायांच्या बोटांमधल्या फटी तपासतो. पाळीच्या आतल्या घडीत गोचीडही बसलेली सापडते.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. आज चिंगी आणि बोका दोघांनाही दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी मळ काळ्या कागदावर पसरून भिंग हाती दिले, तेव्हा पांढरे, टाचणीच्या टोकाहून लहान ठिपके हळूहळू सरकताना मी स्वतः पाहिले. बोक्याच्या कानातही ते होते, आणि त्याने तर कधी कान खाजवल्याचे आठवत नाही. पडदा शाबूत आहे. दोघांना औषध मिळाले असून तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावले आहे. एक शंका उरली आहे: आंघोळ घालताना कानात पाणी जाऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर (पशुवैद्यक, पुणे)

सध्या आंघोळीची घाई करू नका. औषध मानेवर लावण्याचे असेल, तर आंघोळ किती दिवसांनी घालायची, हे त्याच डॉक्टरांना विचारा. पुढे आंघोळ घालताना कानाच्या तोंडाशी कापसाचा मोठा बोळा सैलसर बसवा, डोक्यावर पाणी न ओतता चेहरा ओल्या फडक्याने पुसा आणि आंघोळ संपताच दोन्ही बोळे मोजून बाहेर काढा. चिंगी अजून लहान आहे, तेव्हा औषध घालायचे नसेल त्या दिवशीही दोन-तीन वेळा तिचे कान नुसते हाताळा आणि लगेच खाऊ द्या. मोठी झाल्यावर तिला धरायला दोन माणसे लागणार नाहीत.