मदत हवी आहे: बॅकअप सॉफ्टवेअरसाठी आणखी काय सुचवावं?

वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात सहा पीसींचा बॅकअप रोज रात्री ११ वाजता २ टीबीच्या यूएसबी डिस्कवर जातो. सॉफ्टवेअरवाल्यांनी सूचना मागवल्यात. मुख्य मागणी अशी: इन्क्रिमेंटलची (आधीच्या बॅकअपनंतर बदललेलं तेवढंच साठवणाऱ्या बॅकअपची) साखळी ३० दिवस लांबू नये, मधली एक फाइल खराब झाली की पुढचे दिवस रिस्टोअर होत नाहीत. दर रविवारी फुल बॅकअप घेऊन लगेच चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का हे पडताळायचा आकडा) तपासावा. डिस्क फॅट३२ (डिस्कचा एक जुना फॉरमॅट) असेल तर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, हे आधीच सांगावं. अर्ध्यावर नुसतं ‘एरर’ दाखवून काय कळणार? काम संपलं की डिस्क आपोआप इजेक्ट व्हावी, नाहीतर रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) बॅकअपही लॉक करेल.

लाइट गेल्यावर अर्धवट जॉब तिथूनच पुढे सुरू होईल असं सेटिंग तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे का? कोणत्या?