‘बाऊ करणे’ चालेल का?

गिरगावकर: भाषांतराची कामं करते. दादरच्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे अपघात-भरपाईच्या दाव्यांतले अर्जदार मतासाठी येतात. उपचार करणारे डॉक्टर वेगळे, हे तिऱ्हाईत. त्यांच्या अहवालात ‘पेन कॅटॅस्ट्रोफायझिंग स्केल’ आलं, म्हणजे दुखताना मनात काय काय येतं ते मोजणारी प्रश्नावली. मी ‘दुखण्याचा बाऊ करणे’ लिहिलं, तर डॉक्टरांनी लाल रेघ ओढली. का?

चाळ_नंबर_३: बाऊच बरोबर. जरा खरचटलं की आई म्हणायची, “केवढा बाऊ करतोस!”

अर्धपोटी_मानसशास्त्र: आई म्हणायची, तुम्ही नव्हे. गोम तिथेच आहे. दुखतंय त्या वेळी कुणी स्वतःबद्दल ‘मी बाऊ करतोय’ म्हणत नाही. तो दुसऱ्यावरचा आरोप, आणि त्यात दुखणं एवढंसंच आहे हा निकाल आधीच लागलेला असतो.

शिवाय अर्थही पुरत नाही. ही मोजपट्टी 1995ची. 13 विधानं, प्रत्येकाला 0 ते 4, एकूण 52. त्यातली 4 मनात तेच ते घोळत राहण्याबद्दल, 6 हात टेकल्याच्या भावनेबद्दल. वाढवून पाहण्याची फक्त 3. म्हणजे तुमचा बाऊ 13 पैकी 3 ठिकाणी लागू.

कोर्टाचा_कारकून: आणि विमा कंपनीचा वकील ‘बाऊ’ वाचून ‘ढोंग’ म्हणणार, लिहून घ्या.

अर्धपोटी_मानसशास्त्र: अगदी! पण गुण जास्त म्हणजे माणूस खोटा, असं होत नाही. या पट्टीत खोटं पकडायची सोयच नाही. उत्तरं फुगवली आहेत का हे पाहणारी मापं एमएमपीआयसारख्या लांबलचक व्यक्तिमत्त्व-चाचण्यांत असतात. ही नुसती चाळण. काय राहिलं ते पुढे नीट बघायचं.

चाळण निवडतानाही घोळ होतो. पीएचक्यू-9 या उदासी मोजणाऱ्या प्रश्नावलीत झोप, थकवा, भूकही विचारतात. मणका दुखणाऱ्याला रात्री झोप नाहीच, मग उदासी नसतानाही गुण चढतात. 1983ची ‘हॅड्स’ ही चिंता-उदासीची प्रश्नावली इस्पितळातल्या रुग्णांसाठी केलेली, तिच्या 14 प्रश्नांत अशी शारीरिक लक्षणं मुद्दाम टाळली आहेत. दुखण्याच्या दाव्यात मी आधी तीच वापरेन.

शुद्धलेखन_पोलीस: ‘वेदना-भयावहीकरण’?

चाळ_नंबर_३: हे लालबागच्या बसस्टॉपवर मोठ्यानं म्हणून दाखवा.

गिरगावकर: ‘दुखण्याची धास्ती’ कसं वाटतं? ‘मी धास्ती घेतली’ असं माणूस स्वतःच म्हणतो.

अर्धपोटी_मानसशास्त्र: बाऊपेक्षा शंभर पटीनं बरं. पण धास्ती पुढच्याची असते, हात टेकणं आत्ताचं. अहवालात नाव देवनागरीत तसंच ठेवा आणि खाली तीन पदर साध्या मराठीत लिहा. प्रश्नावलीतली वाक्यं मात्र स्वतःच्या मनानं बदलू नका हं, ताई. पडताळून पाहिलेलं मराठी रूपच वापरायचं, नाहीतर ते गुण कशाशी ताडून बघणार?

गिरगावकर: पटलं. परवा त्या डॉक्टरांकडे बसले होते. समोरच्या काकांनी दुखणं सांगितलं, “आधी सणक येते, मग दिवसभर ठसठसतं.” मग कागद हातात घेतला. आता हे सहन होणार नाही, अशा अर्थाचं एक विधान आहे. तिथे हातातलं पेन थांबलं आणि त्यांनी विचारलं, “आत्ताचं सांगू की पावसातलं?”