मदत हवी आहे: ओहोटीच्या नदीत फ्लोटप्लेन उतरवताना वारा धरायचा की प्रवाह?

होडीवाला: फ्लोट रेटिंगची (चाकांऐवजी तरंगते फ्लोट लावलेलं विमान चालवण्याच्या परवान्याची) तयारी चालू आहे. विमान सेसना १७२, सराव कॅनडात व्हँकूव्हरजवळ फ्रेझर नदीत. ‘वाऱ्याला तोंड करून उतरा’ हे पाठ आहे. पण वारा ५ नॉट (ताशी सागरी मैल), ओहोटीचा प्रवाह ४ नॉट आणि दोन्ही एकाच दिशेला, तर काय? विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) नसेल तर वारा ओळखायचा कशावरून?

खाडीकाठ: फ्लोटना वारा एकटा जाणवत नाही, वारा आणि प्रवाह यांतला फरक जाणवतो. टेकताना हवेतला वेग ५० नॉट धरा. तुमच्या उदाहरणात वाऱ्याला तोंड केलं तर पाण्यातला वेग ५०−५+४ = ४९, पाठ केली तर ५१. एवढ्याशा फरकासाठी डोकं खाजवू नका, पूल, होड्या आणि डोळ्यावरचं ऊन बघून दिशा ठरवा.

वारा प्रवाहाच्या विरुद्ध असला की गंमत संपते. १० नॉट वारा, ४ नॉट प्रवाह: वाऱ्याला तोंड करून ३६, पाठ करून ६४. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे तिपटीहून जास्त. दोन्ही एकाच दिशेला आणि वारा प्रवाहापेक्षा मंद असेल तर प्रवाहाबरोबर उतरणं फ्लोटना सोपं, पण काठाच्या हिशोबाने विमान जास्त वेगात असतं. वळणाआधी जागा पुरेल ना, ते आधी बघा.

पाणडुबी: नांगरलेल्या होड्यांवर विसंबू नका, जोराच्या प्रवाहात त्या प्रवाहाकडे तोंड करतात. धूर, झेंडे बघा. वारा ज्या काठावरून येतो, त्या काठालगत पाण्याचा गुळगुळीत पट्टा दिसतो. प्रवाहाविरुद्ध वारा असला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, त्यामुळे वारा आहे त्याहून जोराचा वाटतो. उलट तुमच्या ५ आणि ४ च्या जोडीत पाणी जवळजवळ आरसा दिसेल. हाच सापळा! आरशासारख्या पाण्यावर उंचीचा अंदाज येत नाही. नजरेने फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलून उतरणं मंदावणं) करू नका. काठालगत या, नाक किंचित वर, थोडी पॉवर ठेवून मिनिटाला साधारण १५० फूट उतरत राहा आणि फ्लोट आपोआप टेकू द्या. यात जागा बरीच खर्च होते.

होडीवाला: आणि टेकल्यावर?

खाडीकाठ: उतरताना वॉटर रडर (फ्लोटच्या मागची पाण्यातली सुकाणू-पाती) वरच, वेग मेल्यावर खाली. वर घ्यायला विसरलात तर मोडतात. ४ नॉट म्हणजे सेकंदाला २ मीटर. अर्धा मिनिट रेंगाळलात की ६० मीटर खाली वाहून गेलात. धक्क्याला लागताना मात्र तोंड प्रवाहाकडेच ठेवा, म्हणजे इंजिन चालू असतानाही काठाच्या हिशोबाने वेग जवळजवळ शून्यावर आणता येतो.