ट्रस्टवर्दी एआय: विश्वासार्ह, भरवशाची की आणखी काही?

मुद्रितशोधक: सोलापुरात नवी पेठेतल्या छापखान्यात एका व्याख्यानाची पत्रिका प्रुफाला आली आहे. विषय आहे 'तत्त्वज्ञान आणि संगणकशास्त्र यांच्या मेळातून विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्ता'. मूळ इंग्रजी टिपणात शब्द एकच, ट्रस्टवर्दी. मराठीत मात्र एका पानावर विश्वासार्ह, विश्वसनीय, विश्वासू आणि खात्रीलायक असे चार अवतार झालेत. 'विश्वासू' मी काढूनच टाकला, एआय म्हणजे काय घरचा जुना गडी आहे? बाकीच्यांचं काय करू? उद्या संध्याकाळी मशीनवर जायचंय.

जॉबर (मागांचा मिस्त्री): भरवशाची लिहा की. माग भरवशाचा असतो, पंप भरवशाचा असतो. मागाला विश्वासार्ह म्हणालात तर कामगार हसतील.

अनुस्वार: जॉबरराव, 'भरवशाची' छापलं की वाचणाऱ्याला पहिली म्हैस आठवणार. (जुन्या छापील मराठीत 'भरंवसा', अनुस्वारासकट. माझं नाव राखायला सांगितलं.)

पण त्या म्हणीतच सगळं आहे. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला तर आपण कपाळाला हात लावतो. म्हशीने विश्वासघात केला असं कोणी म्हणत नाही. विश्वासाला 'घात' जोडता येतो, भरवशाला येत नाही. 'भरवसाघात' म्हणून बघा, जीभच अडते. पाऊस, म्हैस, एसटी, माग यांचा भरवसा. माणसाचा भरवसाही आणि विश्वासही. अॅनेट बायर या तत्त्वज्ञ बाईंनी १९८६ च्या एका निबंधात नेमका हाच फरक मांडला: नुसता आधार चुकला तर निराशा होते, विश्वास मोडला तर फसवलं गेल्याची भावना येते. त्यांना त्यासाठी परिच्छेद खर्चावे लागले, आपल्याकडे म्हैस तयार आहे.

साखरपेठ: आमच्या घरी तेलुगूत दोन्हीला नम्मकम्. म्हणून मराठी बोलताना मी पावसावर पण विश्वास ठेवतो. ठेवून काय उपयोग होत नाही, ते सोडा.

नान्नजकर: 'विश्वासातली' आणि 'विश्वासार्ह' यांची गल्लत करू नका. ठगावरही लोकांचा विश्वास बसतो, म्हणून तर त्याचा धंदा चालतो. २०१९ मध्ये युरोपीय आयोगाच्या तज्ज्ञगटाने ट्रस्टवर्दी एआयच्या सात अपेक्षा लिहिल्या. त्यात माणसाची देखरेख आहे, पारदर्शकता आहे, उत्तरदायित्व आहे. लोकांना एआय किती आवडते हे त्यात कुठेच नाही. 'अर्ह' म्हणजे लायक. तो शब्द इथे फुकटचा नाही.

दुसरं उदाहरण २०१६ च्या एका गाजलेल्या शोधनिबंधातलं. त्याच्या नावातच 'मी तुझ्यावर का विश्वास ठेवू?' असा सवाल आहे. संशोधकांनी मुद्दाम एक वाईट वर्गीकरण यंत्र शिकवलं: हा लांडगा की हस्की कुत्रा? शिकवायला दिलेल्या लांडग्यांच्या सगळ्या फोटोंत मागे बर्फ. यंत्राने लांडगा बघितलाच नाही, बर्फ बघितला. आमच्या नान्नजच्या माळावरचा लांडगा त्याने कुत्रा म्हणूनच धरला असता.

जॉबर: हे आमच्याकडे लगेच सापडतं. जॅकार्डवर, म्हणजे नक्षीच्या मागावर, चादर काढताना पुठ्ठ्याच्या कार्डात एक भोक चुकलं की नक्षी फिरून आली की त्याच जागी फूल मोडतं. कार्ड काढून उजेडात धरायचं, भोक दिसतं. तुमच्या एआयचं कार्ड उजेडात धरता येतं का?

नान्नजकर: तिथेच घोडं अडलंय. कोट्यवधी आकडे असतात, एकेक आकडा काढून बघितला तरी त्यातून काहीच कळत नाही.

अनुस्वार: म्हणून तिसरा शब्द मांडतो: आप्त. 'आप्तवाक्यं शब्दः, आप्तस्तु यथार्थवक्ता', म्हणजे आप्ताचं बोलणं हे शब्दप्रमाण आणि आप्त म्हणजे जसं आहे तसं सांगणारा. न्यायशास्त्राच्या तर्कसंग्रहाचं हे वाक्य पाठ असणारे अजून सापडतात. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाची व्याख्या जास्त कडक आहे: ज्याला ती गोष्ट नीट ठाऊक आहे आणि जी जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो म्हणतो, ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण एकच. म्हणजे यंत्राला दारातूनच हाकलायचं कारण नाही, परीक्षा घ्यायची. पहिल्या अटीवर वाद घालता येईल. दुसरी जड जाते. भाषा-प्रारूप, म्हणजे मजकूर लिहिणारी एआय, पुढचा संभाव्य शब्द काढतं. संभाव्य आणि यथार्थ पुष्कळदा एकच निघतात, आणि माणूस नेमका त्यानेच गाफील होतो.

मुद्रितशोधक: आप्त? लग्नपत्रिकेत 'आप्तेष्टांसह' छापतो तो? 'आप्त कृत्रिम बुद्धिमत्ता' छापलं तर लोक आहेर घेऊन येतील.

अनुस्वार: छापा म्हणत नाही हो. अर्थ लावायला उपयोगी आहे, एवढंच. त्याच्या शेजारचा 'प्रामाण्य', म्हणजे ज्ञानाचा खरेपणा, तर फारच उपयोगी. मीमांसक म्हणतात ज्ञान स्वतःच प्रमाण, खोटं ठरेपर्यंत खरं धरा. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्रवाले, म्हणतात नाही, प्रामाण्य बाहेरून कळतं: पाणी दिसलं, गेलात, प्यालात, तहान भागली, मग ते ज्ञान खरं. चाचणी घेणारे संगणकवाले सगळे नैयायिक. आपल्या गावच्या दाते पंचांगात ग्रहणाची वेळ असते. ती त्या दिवशी घड्याळ घेऊन गच्चीवर उभं राहून पडताळता येते. एआय 'नव्वद टक्के खात्री' म्हणते तेव्हा तशा शंभर उत्तरांतली नव्वदच्या आसपास बरोबर निघतात का, हे मोजणं त्याच जातीचं. 'खात्रीलायक' हा शब्द मी फक्त तिथे वापरेन.

(शब्दकोश हवा असेल तर भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश बघा. झळकी आपल्या विजापूर रस्त्यावरच.)

साखरपेठ: मग ठरलं काय? मशीन थांबलंय म्हणे.

मुद्रितशोधक: शीर्षकात विश्वासार्ह ठेवलं. विश्वसनीय काढलं, ते बातमीला बरं. आत एक वाक्य होतं, 'एआयवर गाढ विश्वास ठेवता यावा म्हणून'. तिथे 'एआयचा भरवसा धरता यावा आणि ती बनवणाऱ्यांवर विश्वास ठेवता यावा म्हणून' असं करून वक्त्यांना फोनवर वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ओळ वाढणार नाही ना? वाढली. खालचा चहापानाचा मजकूर एक पॉइंटने बारीक केला.